निम्म्यापेक्षा एक जास्त

सबनीसकाका लिफ्टमध्ये भेटले की तळापासून चौथा मजला येईपर्यंत निदान एक नियम ऐकावा लागायचा. आधी बाहेर पडणाऱ्याला वाट द्यावी. कचऱ्याच्या पिशवीला दोन गाठी माराव्यात. गाडी पार्क करताना तोंड बाहेरच्या बाजूला असावं. माणूस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका पाइपच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला होता. पाइपला कुठं भेग आहे का हे बघण्यात उभा जन्म गेला. घरी पाइप नसायचे, मग आम्ही सापडायचो.

आधीच सांगून टाकते, मला त्यांचा राग आहे. तो जरा निवला की लिहू असं म्हणत होते, पण तो निवायचं नाव घेत नाही. तेव्हा आहे तसाच लिहिते.

शारजाच्या अल मजाजमधली आमची बिल्डिंग. चौथ्या मजल्यावर तीन दारं अगदी जवळजवळ. एक आमचं, एक काकांचं आणि काकांच्या समोर मरियमआपांचं. आपा रत्नागिरीकडच्या. त्यांचे मालक हनीफभाई कार्गोच्या धंद्यात. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा काकांची तन्वी पाचवीत होती आणि ती सबनीसांची की आपांची हे कळायला मला आठवडा लागला. शाळेची बस आली की खाली आपा उभ्या. वेणी घालायला आपा, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवायला आपा, गॅदरिंगला नऊवारी नेसवायलासुद्धा आपाच. त्या नऊवारीचा काष्टा कसा घालायचा ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं, तेही तीनदा सोडून.

तन्वी तिसरीत असताना काकांची बायको गेली. नातेवाइकांनी धोशा लावला होता की पोरीला पुण्याला पाठव, एकटा पुरुष काय सांभाळणार. काकांनी ऐकलं नाही. ट्रॅफिक टाळायला अंधारात घर सोडायचं आणि संध्याकाळी परत यायचं, अशी त्यांची नोकरी. मधला सगळा दिवस आपांचा. काका स्वतः अंडंही न खाणारे. तन्वी समोरच्या घरी बांगड्याचं तिखलं ओरपून यायची, तेव्हा हे फक्त म्हणायचे, "हात नीट धू." तेवढा एकच नियम.

आपांच्या घरून डबा आला की तो रिकामा परत करायचा नाही, हा काकांचा आणखी एक नियम. स्वयंपाक बेताचाच, त्यामुळं डब्यात घालणार काय? साखर. आपा सांदणं पाठवोत नाहीतर तन्वीसाठी मटण (उरलेलं आमच्याकडे पोचतं व्हायचं), डबा धुऊन, पुसून, साखर भरून आपांच्या दाराशी जायचा. हनीफभाई चिडवायचे, "भाऊ, तुमच्यामुळं मला डायबेटीस होणार." पुढं झालाही. काकांना त्याचं फार वाईट वाटलं, पण डब्यातली साखर काही थांबली नाही.

पण काकांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे निम्म्यापेक्षा एक जास्त. एकदा आमच्या मराठी ग्रुपची पिकनिक ठरत होती. कोणी म्हणे खोरफक्कन, कोणी अल ऐन, कोणी जेबेल जैस. हात वर केले तर जैसला सगळ्यांत जास्त हात. झालं, जैस, असं म्हणून आम्ही चहाकडे वळलो, तर काका मधोमध उभे. निम्म्याहून जास्त लोकांना जैस नकोय, म्हणाले, त्यांची मतं दोन ठिकाणी फुटलीत एवढंच. पहिले दोन ठेवा, बाकी काढा, पुन्हा हात वर. पुन्हा केले, आणि खोरफक्कन जिंकलं. जैसचे पुरस्कर्ते हनीफभाई. बिचारे म्हणाले, "भाऊ, मी पहिला आलो आणि तरी हरलो?" काका शांतपणे म्हणाले, "पहिला आलात, पण जास्त लोकांना नको होतात." हनीफभाईंनी दोन दिवस काकांशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी आपणच दार वाजवलं. तेव्हा असं भांडता यायचं.

तन्वी शिकायला अमेरिकेला गेली. तिकडेच वकील झाली, तिकडच्याच मुलाशी लग्न केलं, नागरिक झाली. पदवीच्या वेळी काकांना व्हिसा वेळेत मिळाला नाही. लग्न कोर्टात, घाईघाईत, आणि नेमकं तेव्हा फॅक्टरीत वार्षिक दुरुस्तीचं शटडाउन, सगळ्यांच्या रजा बंद. काका दोन्ही वेळा इथं बसून फोटो बघत राहिले. कधी तक्रार नाही. फक्त फोटो आपांना दाखवताना म्हणायचे, "पुढच्या वेळी."

मग ती पुढची वेळ आली. तन्वी दक्षिणेकडच्या ज्या राज्यात राहते तिथं ती गव्हर्नरच्या निवडणुकीला उभी राहिली. काकांनी अख्ख्या बिल्डिंगचा वर्गच घेतला. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्यासारखा राजभवनात बसून फिती कापणारा नव्हे. आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, पण थेट लोकांनी निवडलेला. त्याआधी पक्षाचं तिकीट मिळवायचं. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून येतं, तिकडे तिकिटासाठीही लोकच मतं देतात. आणि त्या राज्यातला नियम असा की निम्म्यापेक्षा जास्त मतं मिळाल्याशिवाय तिकीट नाही. कोणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांची काही आठवड्यांनी दुसरी फेरी. तिला म्हणायचं रनऑफ. हे सांगताना काकांचा चेहरा असा फुलायचा, की जणू ते राज्य ह्यांनीच वसवलंय.

तिच्या पक्षातून पाच जण उभे होते. गाड्यांच्या शोरूम असलेला एक गब्बर माणूस, एक माजी महापौर, एक टीव्हीवर सल्ले देणारा डॉक्टर, एक शेतीचा प्राध्यापक आणि तन्वी. आम्हाला त्यांची नावं कधी पाठ झाली नाहीत, पण काकांनी ती आमच्या जिभेवर बसवायचा प्रयत्न सोडला नाही. कोपऱ्यावरच्या टपरीत करक चहा पीत पाच कागदी कप मांडायचे आणि कुठल्या कपातला चहा कुठं जाईल ते दाखवायचे. तिथला मल्याळी चहावाला त्यांना कप पुरवून पुरवून वैतागला होता.

पहिल्या फेरीत शोरूमवाला पहिला आला, तन्वी दुसरी. निम्म्याच्या वर कोणीच नाही. इथं सकाळ होती, मी ऑफिसला निघाले होते, काकांनी मला लिफ्टच्या दारात अडवून सांगितलं. आनंदानं त्यांचा आवाज फाटला होता.

"पहिला आला तो, पण जास्त लोकांना नकोय. आता आपली फेरी."

त्याच आठवड्यात तन्वीचा फोन आला. तिनं सांगितलं, बाबा, रनऑफच्या दिवशी इकडे या, निकाल लागेल तेव्हा स्टेजवर तुम्ही माझ्या उजवीकडे उभे हवेत. या वेळी व्हिसा होताच. तिकीट काढलं. रोला बाजारातल्या शिंप्याकडे निळा सूट टाकला, सहाशे दिरहॅम, म्हणजे आपले चौदा हजार झाले की, असं स्वतःच म्हणून स्वतःच हसले. आयुष्यात त्यांनी स्वतःवर एवढा खर्च केलेला मी पाहिला नव्हता. लिफ्टच्या आरशात हात कसा हलवायचा याची प्रॅक्टिस चालायची. मी एकदा आत शिरले तर हात वरच्या वर राहिला. मग गंभीर होऊन म्हणाले, कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, बरं दिसत नाही.

इथंच त्यांनी ते करून ठेवलं.

दुसऱ्या फेरीचं एक दुखणं असतं, ते काका रोज सांगायचे. पहिल्या फेरीला आलेले लोक दुसऱ्या फेरीला येत नाहीत, कंटाळतात. दुसऱ्या पक्षाच्या तिकिटासाठी ज्यानं मत दिलं त्याला इकडे येता येत नाही. पण पहिल्या वेळी घरी बसलेला मात्र येऊ शकतो. म्हणजे जो आपल्या माणसांना हलवेल तो जिंकेल. आता तन्वीची आपली माणसं कोण? काकांच्या मते आम्ही. आपल्याकडे नगरसेवकाचा वाढदिवस असला तरी चौकात फलक लागतो आणि खाली शुभेच्छुक म्हणून वीस जणांचे चेहरे. ते बघून लोकांना कळतं की या माणसामागे माणसं आहेत. फलक इथं लावता येत नाही, तर व्हिडिओ करू, म्हणाले. आम्हालाही ते पटलं. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की अमेरिकेतल्या मतदाराला शारजातले शुभेच्छुक बघून काय वाटेल. आम्ही सगळे त्याच चौकातले.

शुक्रवारी खाडीकाठच्या हिरवळीवर आम्ही रांगेत उभे राहिलो. आपा मागं सरकत होत्या. अंगावर नेहमीचा काळा बुरखा, चेहरा उघडा. म्हणाल्या, भाऊ, माझं नको, तिकडचे लोक कसे असतील काय ठाऊक, मला मागं राहू द्या. त्या एकट्या शहाण्या होत्या. काकांनी त्यांचं मनगट नाही, पण पिशवी धरून त्यांना मधोमध आणलं.

"आपा, ज्यानं वाढवलं तो मध्ये. हा नियम आहे."

मग आपा कॅमेऱ्याकडे बघून बोलल्या, "तन्वी बेटा, माझ्या हातचा भात खाऊन वाढलीस तू. इन्शाल्ला तूच जिंकशील." आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी तो व्हिडिओ तन्वीला पाठवला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, फक्त घरच्यांसाठी. ग्रुपवर घरचे किती आणि दारचे किती, हे काकांनी बघायला हवं होतं. भेगा बघणारा माणूस, पण ही दिसली नाही.

आठवड्याच्या आत तो व्हिडिओ तिकडे पोचला. शोरूमवाल्याच्या जाहिरातीत आपांचा चेहरा थांबवून ठेवला होता. भोवती लाल गोल. खाली प्रश्न, ही बाई कोण, आणि हिला का वाटतं ही निवडणूक आपली आहे? ज्या बाईनं मुलांच्या दृष्टी काढल्या, तिच्या चेहऱ्याभोवती लाल गोल. मी ती जाहिरात एकदाच बघितली. पुन्हा बघायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तन्वी टीव्हीवर आली. माझ्या मुलानं मला फोनवर दाखवलं. चांगली दिसत होती, केस छान कापलेले. तिनं सांगितलं की माझे वडील म्हातारे आहेत, त्यांना आता विसर पडतो, आजूबाजूच्या लोकांनी त्यांचा गैरफायदा घेतला. त्या व्हिडिओतल्या कोणालाही मी ओळखत नाही. माझा मुलगा स्क्रीनकडे बघत राहिला. "मॉम, शी इज सेइंग शी डझन्ट नो मरियम आंटी," तो म्हणाला. मला एवढंच वाटलं की ही पोरगी समोर असती तर एक कानाखाली दिली असती.

काकांना दारात गाठलं. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, पाइपचा रिपोर्ट द्यावा तसं. तिनं येऊ नका म्हटलंय. तिकीट रद्द केलं. तिच्या ऑफिसातल्या माणसानं सांगितलंय की हे संपेपर्यंत त्या लोकांशी बोलायचं नाही, फोनवर नाही, समोर नाही, कोण कुठून फोटो काढील सांगता येत नाही. त्या लोकांशी म्हणजे आपांशी आणि हनीफभाईंशी. आम्ही सबनीसांच्याच जातकुळीतले दिसत होतो म्हणून आम्हाला सूट.

"आणि तुम्ही हो म्हणालात?" मी विचारलं.

"तिनं जगासमोर बोलून टाकलंय, शैला. आता मी शहाणा ठरलो तर ती खोटी ठरते."

"मग ठरू दे की खोटी. आहेच ती."

काकांनी दार लावून घेतलं.

तिकडच्या कुठल्यातरी पत्रकाराचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडे इस्त्रीचे कपडे द्यायला गेले होते. काकांनी त्याला त्याचं नाव दोनदा विचारलं. तन्वी शाळेत गेलीय, संध्याकाळी येईल, म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून, अगदी शुद्धीत, म्हणाले की आता तो नोंद करील. मला तिथं थांबवेना. ज्या माणसाला दुसऱ्याच्या गाठीसुद्धा दुरुस्त करायची खोड, तो स्वतःचं डोकं बिघडलंय असं सिद्ध करत होता, आणि तेही क्वालिटीत काही कमी न ठेवता.

मग तो लिफ्टमधला दिवस. मी आणि काका आत, तेवढ्यात आपा भाजीच्या पिशव्या घेऊन शिरल्या. काकांनी बटणांकडे बोट नेलं आणि इंग्रजीत विचारलं, "विच फ्लोअर, मॅडम?"

आपांना थट्टा वाटली. हसून म्हणाल्या, काय भाऊ, आज काय नवीन? काका दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिले. आपांचं हसू विरलं. चौथा मजला आला. आधी बाहेर पडणाऱ्याला वाट द्यावी, म्हणून काका बाजूला झाले. आपा पिशव्या घेऊन बाहेर पडल्या आणि किल्ली कुलपाला लागेना.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. विचारलं, भाऊंचं डोक्याचं खरंच काही झालंय का? मला खोटं बोलता आलं नसतं आणि बोलायचंही नव्हतं. मी सांगितलं, सगळं सोंग आहे, पोरीसाठी. आपा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"डोकं ठीक आहे ना? मग बरं," म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्या रडल्या असत्या तर मला जरा सोपं गेलं असतं. हनीफभाईंनी मात्र काकांच्या दारासमोरून जाताना मान वळवायला सुरुवात केली, आणि त्यांना मी एका शब्दानं बोलले नाही.

तन्वी रनऑफ जिंकली. थोडक्यात, पण निम्म्याच्या वर. त्या सकाळी मी शिरा घेऊन गेले तर काका लॅपटॉपसमोर बसलेले. अंगात निळा सूट, पायांत मोजे-बूट. स्टेजवर तन्वीच्या उजवीकडे तिचा सासरा उभा होता आणि हात हलवत होता. कोपर खांद्याच्या वर.

"जागा तीच," काका म्हणाले. "मला तिथंच उभं करणार होती."

मी म्हटलं, झालं ना आता, जिंकली ना? उठा, समोरचं दार वाजवा, माफी मागा. तर म्हणाले, संपलं कुठं, ही तर तिकिटाची होती, खरी निवडणूक नोव्हेंबरात. मी शिऱ्याची वाटी तिथंच ठेवून निघून आले.

नोव्हेंबरात ती पडली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता तरी, असं म्हणून मी पुन्हा गेले. आता कोणाला वाचवायचंय काका, आता तर खलास. ते खिडकीतून खाडीकडे बघत म्हणाले, चार वर्षांनी पुन्हा उभी राहणार म्हणते. मी कपाळाला हात लावला. नियम पाळणाऱ्या माणसाचं हेच वाईट. नियम कोणी केला, कशासाठी केला, हे तो विचारतच नाही.

या सगळ्या महिन्यांत आपा अधूनमधून डबा पाठवत राहिल्या, माझ्या हाती. मी तो काकांना द्यायची. दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा साखर भरून माझ्या दाराच्या कडीला लटकत असायचा. मी एकदा चिडून म्हटलंही, ओळख नाही तर साखर कशाला?

मग फॅक्टरीनं त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवलं नाही. वयही झालं होतं. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, व्हिसा गेला म्हणजे घर गेलं. इथं हे सगळं एका दोरीत असतं. अमेरिकेला जायचा विषय निघाला नाही. पुण्याला धाकट्या बहिणीकडे एक खोली होती. सामान एका माणसानं येऊन नेलं, उरलेलं वाटून टाकलं. शेवटचे दोन दिवस काका एका गादीवर आणि एका खुर्चीवर होते. जेवण आमच्याकडे.

निघायच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर खाली आले. बाहेर टॅक्सी उभी. लॉबीत वॉचमन, मी आणि काका, चौथं कोणी नाही. काकांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती, ती ते बॅगेत ठेवेनात. मी दोनदा म्हटलं, द्या इकडे. नाही म्हणाले. ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता, पण ह्यांचा पाय निघत नव्हता. लिफ्टकडे बघत उभे.

लिफ्ट उघडली आणि आपा आल्या. हातात डबा. मी मनात म्हटलं, आता. इथं ना कॅमेरा, ना मतदार. आता तरी आपा म्हणा. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आपा त्यांच्यापासून दोन हात दूर थांबल्या. आणि त्या माउलीनंच त्यांची सुटका केली.

"साहेब, तुम्ही मला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "मी चौथ्या मजल्यावर राहते. सांदणं आहेत, वाटेत खा."

काकांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मान खाली. मग ती पिशवी त्यांनी पुढं केली.

"घर रिकामं केलं, मॅडम. साखर उरली होती."

उरली कुठली! घरात चमचासुद्धा उरला नव्हता. पाकीट कोरं होतं, सुपरमार्केटची चिठ्ठी चिकटलेली. डबा आता परत करता येणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन आणलं असणार. आपांनी ते घेतलं, थँक यू साहेब म्हणाल्या. काका टॅक्सीत बसले आणि टॅक्सी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथं उभी होते. त्यांनी मागं बघितलं नाही.

परवा आपांकडे चहाला गेले होते. चहात साखर नव्हती. हनीफभाईंचं पथ्य, त्यामुळं घरात आणतच नाहीत, म्हणाल्या. काकांनी दिलेलं ते पाकीट फडताळात वर ठेवलेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, ते फोडा की, माझ्यापुरतं. आपा उठल्या, माझ्या घरी गेल्या आणि माझ्याच डब्यातली साखर वाटीत घेऊन आल्या.